बोर्दोचा लीग २ हंगाम (२०२२-२३) : धक्का, ताळेबंद आणि आन्सीचा एक गोल

निळी_पट्टी | रवि, ०४/०६/२०२३ - ११:४०

शुक्रवारी रात्रीची ती चित्रफीत एव्हाना फुटबॉल न बघणाऱ्यांपर्यंतही पोचली आहे. फ्रान्सच्या दुसऱ्या विभागात, म्हणजे लीग २ मध्ये, बोर्दोच्या घरच्या मैदानावर रोदेझशी सामना होता. रोदेझच्या ल्युका ब्युआदने बाविसाव्या मिनिटाला गोल केला आणि तो बोर्दोच्या दक्षिण स्टँडसमोर आनंद साजरा करत होता. तेवढ्यात स्टँडमधून एक जण कठडा ओलांडून मैदानात आला आणि त्याने ब्युआदला धक्का दिला. ब्युआद आडवा झाला, डोक्याला मार बसला, रेफरीने सामना थांबवला. खेळाडू आत गेले आणि बऱ्याच वेळाने जाहीर झालं की सामना पुढे खेळवला जाणार नाही. गच्च भरलेलं स्टेडियम, हंगामाचा शेवटचा दिवस, आणि खेळ फक्त बावीस मिनिटांचा.

चित्रफितीखाली सगळीकडे एकच मथळा: "एका माथेफिरूने क्लबची बढती घालवली." (बढती म्हणजे वरच्या विभागात, लीग १ मध्ये जाणं.) हे मला पटत नाही, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. बोर्दो म्हणजे सहा वेळचा फ्रेंच विजेता. शेवटचं विजेतेपद २००९ चं, लॉराँ ब्लाँ प्रशिक्षक आणि मधल्या फळीत योआन गुरकुफ. त्या वर्षी त्यांनी लिआँची सलग सात विजेतेपदांची मालिका तोडली, आणि मी तेव्हाच या निळ्या जर्सीवरच्या पांढऱ्या पट्टीला चिकटलो. २०२१-२२ मध्ये हाच संघ ९१ गोल खाऊन तळाला गेला. प्रशिक्षक पेत्कोविचला फेब्रुवारीत काढलं, दाविद गियोंला आणलं, उपयोग शून्य. दुसऱ्या विभागात जायची वेळ तीस वर्षांनी आली.

पण खरी मजा नंतर. जून २०२२ मध्ये फ्रेंच फुटबॉलच्या लेखा नियंत्रण समितीने, म्हणजे डीएनसीजीने, सांगितलं की तुमचे हिशेब बघता तुम्ही दुसऱ्या विभागातही नको, थेट तिसऱ्यात, नॅशनलमध्ये जा. अपील फेटाळलं. मग ऑलिंपिक समितीकडे समेटासाठी धाव, मालक जेरार लोपेझची कर्ज देणाऱ्यांशी घासाघीस, आणि जुलै संपता संपता महासंघाने लीग २ मध्ये राहायला परवानगी दिली. हंगाम सुरू व्हायला तेव्हा जेमतेम काही दिवस उरले होते. अर्धा संघ विकलेला किंवा सोडून गेलेला. सरावात कोण येणार हे गियोंलाही ठाऊक नसेल.

या अवस्थेतून त्यांनी संघ उभा केला. गोलमध्ये गाएताँ पुसाँ, मागे कर्णधार योआन बार्बे, पुढे जॉश माजा. माजाने लीगमध्ये १६ गोल केले. आधीच्या वर्षी ज्या बचावफळीतून ट्रक गेला असता, तीच जागा यंदा विभागातल्या भक्कम बचावांपैकी एक झाली. खेळ देखणा होता असं मी अजिबात म्हणणार नाही. १-० करायचं आणि घड्याळाकडे बघत बसायचं, हा गियोंचा खाक्या. पण दुसऱ्या विभागात त्यावर भागतं.

मध्येच डिसेंबरात वर्ल्ड कपची फायनल झाली. फ्रान्सच्या पहिल्या अकरात चुआमेनी आणि कुंदे, दोघेही बोर्दोच्या अकादमीत घडलेले. लुसैलमध्ये ते मेस्सीला अडवत होते आणि त्यांना घडवणारा क्लब घरी दुसऱ्या विभागाची तयारी करत होता. त्या रात्री मला फायनलपेक्षा याचंच जास्त वाईट वाटलं.

आता मूळ मुद्दा. शेवटच्या आधीच्या फेरीत बोर्दो आन्सीला गेले. तळाशी झगडणारा, आकाराने छोटा संघ. तिथे ०-१ हरले. त्यामुळे शेवटच्या दिवशी बोर्दो आणि मेत्झ समान गुणांवर आले, गोलफरकात मेत्झ पुढे. ल हाव्र त्यांच्याही वर. शुक्रवारी ल हाव्रने दिजाँला १-० ने हरवलं, मेत्झने बास्तियाला ३-२ ने. म्हणजे बोर्दोने रोदेझला साधं हरवलं असतं तरी ते तिसरेच राहिले असते, आणि यंदा वर दोनच जातात. त्या माणसाने जे केलं ते लाजिरवाणंच आहे, पण बढती त्याने घालवली नाही. ती आन्सीत गेली.

निकाल अजून लीगच्या समितीकडे आहे. तोवर चर्चा करूया.

---

टवाळ_पाखरू | रवि, ०४/०६/२०२३ - १२:१५

मराठी संकेतस्थळावर फ्रान्सच्या दुसऱ्या विभागाचा धागा! आता बेल्जियमच्या तिसऱ्या विभागाचा कोण काढतंय?

बोर्दो म्हणजे वाईनवालं गाव एवढंच आजवर माहीत होतं. वाचतोय.

---

अदिती_क | रवि, ०४/०६/२०२३ - १३:०२

छान लिहिलंय. एक शंका: बऱ्याच देशांत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला प्लेऑफ असतो ना? तिसरं येऊनही काहीच नाही?

---

निळी_पट्टी | रवि, ०४/०६/२०२३ - १३:२०

@अदिती_क, एरवी असतो. पण पहिला विभाग २० वरून १८ संघांवर आणायचा म्हणून यंदा तिथून चार खाली आणि इथून फक्त दोन वर. प्लेऑफ रद्द. उलट लीग २ मधूनही चार संघ खाली जाणार. तिसऱ्याला काही नाही आणि सतराव्याला थेट नॅशनल. नेमक्या याच वर्षी बोर्दो तिसरे आले, याला नशीब म्हणा.

---

तुलूझकर | रवि, ०४/०६/२०२३ - १५:४८

विमानांच्या कामानिमित्त बरीच वर्षं तुलूझला आहे, त्यामुळे बोर्दोच्या दुःखात मी सहभागी आहे असं समजू नका. गारोन नदी आमच्याकडून त्यांच्याकडे वाहते आणि दोन्ही क्लबांचा डर्बीही तिच्याच नावाचा.

पण लीग २ कशी खेळावी यावर थोडं. २०२० मध्ये कोविडमुळे हंगाम अर्धवट थांबला तेव्हा तुलूझ पहिल्या विभागात १३ गुणांवर तळाला होते. मग अमेरिकेच्या रेडबर्डने क्लब घेतला, दामियाँ कोमोली अध्यक्ष झाले. पहिल्या वर्षी प्लेऑफमध्ये नाँतविरुद्ध प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच्या गोलांच्या नियमाने हुकलं. इथे कुणी रडारड केली नाही. खेळाडू आकडेवारी बघून घ्यायचे, कमी किमतीत घ्यायचे. नेदरलँड्समधून ब्रँको फान डेन बोमेन आला, ज्याचं नाव आम्ही आधी ऐकलंही नव्हतं. २०२१-२२ मध्ये त्याने १२ गोल केले आणि २१ गोलांना पास दिले. पुढे रीस हीलीचे २० गोल. प्रशिक्षक फिलिप माँतानिएच्या या संघाने ८२ गोल ठोकून लीग २ जिंकली, आणि पाच आठवड्यांपूर्वी फ्रेंच कपच्या फायनलमध्ये नाँतला ५-१ ने हरवून हिशेबही चुकता केला.

दोन शहरं रेल्वेने दोन-सव्वादोन तासांवर. एका मालकाने खड्ड्यात पडल्यावर पायऱ्या बांधल्या, दुसऱ्याने वकील नेमले.

---

पेठकरी_१० | रवि, ०४/०६/२०२३ - १७:३०

कोल्हापुरातनं. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला आमच्याकडं पब्लिक आत घुसणं, हुल्लडबाजी, मॅच थांबणं, सगळं बघून झालंय. त्यामुळं धक्का बघून कुणाचा ऊर बडवायला लागलाय ते मला कळंना. मला कळंना ते निराळंच. चाळीस-बेचाळीस हजारांचं नवं स्टेडियम, एवढी सिक्युरिटी, आणि एक गडी चालत चालत गोल मारणाऱ्यापर्यंत पोचतो? आमच्यात निदान पोलीस लाठी घेऊन पळत तरी येतात.

दुसरं, एका माणसाची शिक्षा अख्ख्या टीमला का?

---

हिशेबनीस | रवि, ०४/०६/२०२३ - २१:१०

@पेठकरी_१०, कारण सामन्याचा यजमान क्लब असतो. मैदानाची आणि प्रतिस्पर्धी खेळाडूंची सुरक्षा ही यजमानाची जबाबदारी. प्रेक्षक आत आला म्हणजे यजमान चुकला, असं सगळ्याच लीगचे नियम सांगतात. सेंत-एतिएनचंच बघा. मागच्या मे महिन्यात ओक्सेरविरुद्ध पेनल्टींवर हरून ते खाली गेले, प्रेक्षक मशाली घेऊन मैदानात उतरले. शिक्षा म्हणून यंदाचा हंगाम त्यांनी उणे तीन गुणांपासून सुरू केला.

धागाकर्त्याच्या आन्सीच्या मुद्द्याला गणित जोडतो. आन्सीत नुसती बरोबरी झाली असती तर बोर्दो ७० वर असते. मग रोदेझविरुद्ध जिंकून ७३. मेत्झ जिंकूनही ७२. म्हणजे एका गुणाने सूत्रं बोर्दोच्या हातात राहिली असती, मेत्झने काहीही केलं तरी.

पण माझं मत विचाराल तर आन्सीही नाही. मी सीए आहे, फुटबॉल हौसेने बघतो. मला हा क्लब मैदानाच्या बाजूने वाचताच येत नाही.

२०१८ पर्यंत मालक एम६ ही टीव्ही कंपनी होती. त्यांनी क्लब एका अमेरिकन गुंतवणूक गटाला विकला. वर्षभरात त्यातल्या किंग स्ट्रीट या फंडाने सूत्रं घेतली. फंडाचा धंदा क्लब चालवण्याचा नाही, घेऊन फुगवून विकण्याचा. २०२० मध्ये कोविड आला, आणि त्याच शरद ऋतूत मीडियाप्रो या कंपनीने फ्रेंच लीगच्या प्रक्षेपण हक्कांचे हप्ते थांबवले. वर्षाला सुमारे ८० कोटी युरोंचा करार डिसेंबरपर्यंत मोडीत निघाला. सगळ्या फ्रेंच क्लबांनी त्या पैशांच्या भरवशावर पगार ठरवले होते. एप्रिल २०२१ मध्ये किंग स्ट्रीटने जाहीर केलं की आम्ही आता एक पैसाही घालणार नाही. क्लब व्यापारी न्यायालयाच्या छत्राखाली गेला आणि तिथून लोपेझने तो घेतला. हेच लोपेझ आधी लीलचे मालक होते, तिथेही डिसेंबर २०२० मध्ये कर्जामुळे हात काढून घ्यावे लागले. त्यांचाच बेल्जियममधला मूस्क्राँ क्लब मागच्या वर्षी दिवाळखोरीत निघाला.

वरून स्टेडियम. २०१५ मध्ये युरो २०१६ स्पर्धेसाठी बांधलेलं, हर्झोग-द म्युराँच्या आरेखनाचं, पांढऱ्या बारीक खांबांचं देखणं काम. क्लब त्यात भाडेकरू. भाडं वर्षाला साधारण ४७ लाख युरो. पहिल्या विभागात युरोपात खेळणाऱ्या संघासाठी ठरवलेलं भाडं लीग २ मध्ये भरायचं म्हणजे नोकरी गेल्यावर कोथरूडच्या तीन बेडरूमचा हप्ता भरण्यासारखं.

---

अदिती_क | सोम, ०५/०६/२०२३ - ०९:२५

@हिशेबनीस, ही डीएनसीजी नेमकी करते काय? आपल्याकडे क्रिकेट मंडळाचे हिशेब बघायलाच कोर्टात जावं लागतं, आणि तिथे एखाद्या समितीच्या सांगण्यावरून क्लब खालच्या विभागात जातो?

---

हिशेबनीस | सोम, ०५/०६/२०२३ - १०:५०

हो, जातो. दरवर्षी उन्हाळ्यात प्रत्येक व्यावसायिक क्लबने या समितीपुढे झालेल्या वर्षाचा ताळेबंद आणि पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक ठेवायचं. त्यात खड्डा दिसला की समिती विचारते, हा कोण भरणार? "अमुक खेळाडू विकणार आहोत" हे उत्तर चालत नाही. मालकाने रक्कम खात्यात टाकायची किंवा बँकेची हमी आणायची. नाही आणली तर क्रमाने: पगारखर्चावर मर्यादा, खेळाडू घेण्यावर देखरेख किंवा बंदी, आणि शेवटी एक पायरी खाली.

समितीचा विचार साधा आहे. हंगामाच्या मध्यात क्लब बुडाला तर बाकीच्यांच्या गुणतक्त्याचा विचका होतो. त्यापेक्षा आधीच हाकला. फ्रेंच क्लब शेजारच्या देशांपेक्षा कमी बुडतात असं म्हणणारे याच समितीकडे बोट दाखवतात. टीकाकार म्हणतात की समिती आजार ओळखते, पण औषध एकच देते: पाय कापा.

बोर्दोला हे नवीन नाही. ऐंशीच्या दशकात क्लोद बेझ अध्यक्ष असताना तीन विजेतेपदं आली आणि मागे कर्जाचा डोंगर राहिला. १९९१ मध्ये गुणतक्त्यात मधोमध असलेला हा संघ फक्त हिशेबापायी दुसऱ्या विभागात ढकलला गेला.

---

निळी_पट्टी | सोम, ०५/०६/२०२३ - ११:३०

आणि १९९२ मध्ये लगेच परत आला, हेही सांगा ना! गेर्नोत रोर प्रशिक्षक, लिझाराझू तरुण. वर आल्या आल्या त्या उन्हाळ्यात कानहून झिदान आला. चार वर्षांत यूएफा कपची फायनल. वाटेत मिलानविरुद्ध पहिला सामना ०-२ हरून घरी ३-०, त्यात द्युगारीचे दोन. फायनलला बायर्नने मारलं ते सोडा.

म्हणून २०२२ मध्ये लोक म्हणत होते, "एक वर्ष खाली, मग पुन्हा झिदान." दुसऱ्या विभागात असूनही स्टेडियम भरत होतं, ते उगाच नाही. शुक्रवारी तर तिकीट नव्हतं.

---

तुलूझकर | सोम, ०५/०६/२०२३ - १४:१५

१९९२ चा हिशेब २०२३ ला लावू नका. तेव्हा क्लबचे खेळाडू क्लबकडे राहायचे. करार संपल्यावर खेळाडूला फुकट दुसरीकडे जाऊ देणारा बोसमन निकाल १९९५ चा. आता खाली जायचा वास जरी आला तरी एजंट दारात उभा असतो.

ल हाव्रकडे बघा. फ्रान्समधला सर्वांत जुना क्लब, १८७२ चा. अध्यक्ष रूसिए आणि क्रीडा संचालक मातिओ बोदमेर गेल्या उन्हाळ्यात आले, प्रशिक्षक लुका एल्सनर. अकादमीतली पोरं, मोठं नाव एकही नाही. ३८ सामन्यांत फक्त १९ गोल खाल्ले, तीन पराभव. शांतपणे पहिले आले. आणि चर्चा कुणाची? बोर्दोची.

मेत्झकडे निदान मिकाउताझे आहे, २३ गोल. त्याच्यासाठी सोमवारी रात्री पावणेनऊला टीव्हीपुढे बसायलाही हरकत नसायची. भारतातून बघणाऱ्यांना ते मध्यरात्रीनंतर पडतं, त्यामुळे धागाकर्त्याला खरंच मानलं.

---

पेठकरी_१० | सोम, १२/०६/२०२३ - २२:४०

निकाल आला जणू. बोर्दोला सामना हरलेला धरला, वर पुढच्या हंगामात एक गुण वजा. म्हणजे रोदेझ खाली जाण्यापासून वाचलं.

---

अदिती_क | मंगळ, १३/०६/२०२३ - ०८:५५

आणि आन्सी बुडालं! हे कुणी बोलतच नाहीये. रोदेझला ते तीन गुण मिळाल्यामुळे आन्सी सतरावं, म्हणजे नॅशनल. ज्या संघाने त्या सामन्याच्या एक आठवडा आधी बोर्दोला हरवून त्यांची बढती अडवली, त्याचं भवितव्य बावीस मिनिटांच्या सामन्यावर आणि एका बैठकीवर ठरलं. सामना पुन्हा खेळवला असता आणि रोदेझ हरलं असतं तर?

हा तोच संघ ना, ज्याने मार्चमध्ये फ्रेंच कपमध्ये मार्सेला त्यांच्याच मैदानावर पेनल्टींवर हरवून उपांत्य फेरी गाठली?

---

निळी_पट्टी | मंगळ, १३/०६/२०२३ - ०९:४०

तोच. मात्र रोदेझ तेव्हा १-० ने पुढे होतं हे विसरू नका. ज्याच्या खेळाडूला डोक्याला मार लागला, त्याच संघाने पुन्हा त्याच मैदानावर येऊन शून्यापासून खेळायचं, हा न्याय मलाही पटला नसता. बोर्दोचा समर्थक असून सांगतो, निकाल बरोबर आहे. आन्सीला भरपाई द्यायची तर लीगने ती दुसऱ्या मार्गाने द्यावी.

---

हिशेबनीस | रवि, २०/०८/२०२३ - १८:०५

धागा वर काढतोय, कारण आन्सीला भरपाई मिळाली आणि ती अर्थातच ताळेबंदातून आली.

सोशो आठवतंय? प्यूजो कंपनीने १९२८ मध्ये काढलेला क्लब. कंपनीने तो काही वर्षांपूर्वी विकला, मग चिनी मालक. लीग २ मध्ये नववे आले होते, काही धोका नव्हता. या उन्हाळ्यात मालकाने पैसे पाठवले नाहीत आणि डीएनसीजीने त्यांना नॅशनलमध्ये पाठवलं. रिकाम्या जागी आन्सी. सोशो बंद पडायच्या बेतात होतं, गावातल्या उद्योजकांनी आणि चाहत्यांनी वर्गणी काढून कसंबसं उभं ठेवलं.

बोर्दोकडे बघू. माजाचा करार संपला होता, तो फुकट इंग्लंडला वेस्ट ब्रॉमकडे गेला. १६ गोल करणारा आघाडीपटू आणि हाती भोपळा. दिलान बाक्वाला स्त्रासबूरला विकलं. म्हणजे बढतीच्या शर्यतीतला संघ मोडला, आणि हंगाम उणे एक गुणावरून.

---

निळी_पट्टी | रवि, २०/०८/२०२३ - २०:३०

गियों राहिले आहेत, बघू. मला अजून आशा आहे.

---

टवाळ_पाखरू | रवि, २०/०८/२०२३ - २०:४२

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

मडगावकर | शनि, २७/०७/२०२४ - १०:२०

हा धागा आजच सापडला, कारण बोर्दोची बातमी शोधत होतो. इथल्या मंडळींनी काही लिहिलं नाही म्हणून मीच लिहितो.

मागच्या हंगामात बारावे. गियोंना ऑक्टोबरमध्येच काढलं, आल्बर्ट रिएरा आला. फेब्रुवारीत गँगाँविरुद्ध पहिल्याच मिनिटाला आल्बेर्त एलिसचं डोकं आपटलं, तो कोमात होता, जीव वाचला हे देवाचे उपकार. आणि आता लिव्हरपूलच्या मालकांशी, फेनवेशी चाललेली बोलणी फिसकटली. कारणांमध्ये स्टेडियमचा खर्चही आहे. डीएनसीजीने नॅशनल दाखवलं. लोपेझने या आठवड्यात अपील मागे घेतलं, आणि गुरुवारी क्लबने व्यावसायिक दर्जाच सोडला. १९३७ पासूनचा. अकादमी बंद. खेळाडूंचे करार संपले.

त्याच आठवड्यात त्याच स्टेडियमवर ऑलिंपिकचे सामने चालू आहेत. बुधवारी जपानने पराग्वेला ५-० ने मारलं ते तिथेच. मैदान हिरवंगार, दिवे झगझगीत, आणि घरमालकाचा भाडेकरू न्यायालयात.

आम्हां गोंयकारांना हे बघायची सवय आहे. साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो, तिघांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. मुंबईचं महिंद्र युनायटेड तर २०१० मध्ये बंदच केलं. आमच्याकडे क्लब हरून संपत नाहीत, मालकाच्या एका पत्राने संपतात. फ्रान्समध्ये तसं नसतं अशी माझी समजूत होती.

---

तुलूझकर | शनि, २७/०७/२०२४ - १५:३५

दोन दिवसांपासून कामावर इथले फ्रेंच सहकारी हळू आवाजात बोलत आहेत. आयुष्यभर बोर्दोला शिव्या घालणारे. डर्बी कुणाशी खेळायचा, असं एक जण म्हणाला. मलाही हसता आलं नाही.

अकादमी बंद झाली हे सगळ्यात वाईट. मोठे खेळाडू कुठेतरी लागतात. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी जुलैअखेर नवं वसतिगृह, नवी शाळा कुठे शोधायची?

---

पेठकरी_१० | शनि, २७/०७/२०२४ - १९:१०

निळी पट्टी कुठं गायब हाय? भावा, बोल काहीतरी.

---

निळी_पट्टी | रवि, २२/०९/२०२४ - १२:००

आहे. लिहायचं मन नव्हतं.

सध्याची स्थिती: नॅशनल २, म्हणजे चौथी पायरी. कर्जाचा निपटारा न्यायालयाच्या देखरेखीखाली. प्रशिक्षक ब्रुनो इर्ल्स, संघ ऐन वेळी जमवलेला. आणि गेल्या आठवड्यात अँडी कॅरोल आलाय! इंग्लंड आणि लिव्हरपूलकडून खेळलेला, पस्तीस वर्षांचा, किरकोळ मानधनावर. चौथ्या विभागातल्या बचावपटूंनी त्याला डोक्यावरून चेंडू घेताना आजवर फक्त टीव्हीवर बघितलं असेल.

@हिशेबनीस, एक प्रश्न मला सोडत नाही. जून २०२३ मध्ये बढती मिळाली असती तर क्लब वाचला असता का?

---

हिशेबनीस | रवि, २२/०९/२०२४ - १६:४५

माझं उत्तर: एक-दोन वर्षं. पहिल्या विभागाचा प्रक्षेपणाचा पैसा दुसऱ्याच्या कितीतरी पट, त्यावर २०२३-२४ निघालं असतं. बाक्वा बहुधा थांबला असता किंवा जास्त किमतीला गेला असता. पण लोपेझच्या पद्धतीत खड्डा दरवर्षी पुढच्या उन्हाळ्याच्या विक्रीतून भरायचा असतो, आणि या वर्षी पहिल्या विभागाच्याच प्रक्षेपण हक्कांचे भाव घसरलेत. भाडं तेवढंच, कर्ज तेवढंच. मग २०२५ मध्ये हाच धागा वर आला असता.

---

निळी_पट्टी | रवि, २२/०९/२०२४ - १७:२०

दोन वर्षांत फेनवेसारखा कुणी तरी पहिल्या विभागातला क्लब घ्यायला आला असता. दुसऱ्या विभागातला बारावा क्लब कर्जासकट कोण घेणार? तुम्ही ताळेबंद बघता, ठीक आहे. पण ताळेबंदाच्या जमेच्या बाजूला "लीग १" हे दोन शब्द असते तर खरेदीदार पळाला नसता, असं माझं ठाम म्हणणं आहे. आन्सीला एक गुण. बस.

---

हिशेबनीस | रवि, २२/०९/२०२४ - १७:५०

२०२१ मध्ये ते दोन शब्द होते. तेव्हाही रांग लागली नव्हती. न्यायालयात शेवटी लोपेझच आले.

---

अदिती_क | रवि, २२/०९/२०२४ - १९:३०

तुमचं दोघांचं चालू द्या. या सगळ्यात रोदेझचं कुणीच विचारलं नाही. त्या रात्री वाचलेला हा छोट्या गावचा क्लब गेल्या हंगामात लीग २ मध्ये चौथा आला! प्लेऑफ परत सुरू झाले होते. पॅरिस एफसीला काढून पुढे गेले आणि सेंत-एतिएनकडून ०-२ हरले. ते सेंत-एतिएन पुढे मेत्झला हरवून वर गेलं.

---

टवाळ_पाखरू | रवि, २२/०९/२०२४ - १९:४१

म्हणजे रोदेझचा धागा काढायला हवा. लोकसंख्या किती म्हणालात?

---

तुलूझकर | रवि, २२/०९/२०२४ - २०:०५

पंचवीस हजारांच्या आत. आमच्याकडून गाडीने दोन तास. चित्रकार सूलाजचं संग्रहालय आहे, बघण्यासारखं. पुढच्या घरच्या सामन्याला जातोय, कुणी फ्रान्समध्ये असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.